बंब मागतो आपण, अधिकारी कधी मागणार?

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. वेल्ह्याच्या रस्त्याला आमच्या नातेवाइकांचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला दोन दिवस वणवा धुमसत होता. दुपारी वारं फिरलं आणि ठिणगी उडून थेट गवताच्या गंजीवर पडली. गंजीला लागून गोठा, गोठ्याला लागून कौलारू घर. मग जे होतं तेच झालं. हंडे, कळश्या, बादल्या, आरडाओरडा, जो तो दुसऱ्याला सांगतोय आणि कुणीच कुणाचं ऐकत नाही.

तासाभराने बंब आला. कुठल्या पालिकेचा ते सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते कुठल्याही पालिकेला लागू पडेल. बंबातून चौघे उतरले. त्यातले एक काका पन्नाशीच्या आसपासचे. बाकीचे तिघे पाइप सोडायला लागले, काका मात्र पाइपला हातही न लावता घराला एक चक्कर मारून आले. आल्यावर तीनच प्रश्न विचारले. आत कोण हाय का? गॅसची टाकी कुठं ठेवलीय? लाइट कुणी बंद केली का?

मग म्हणाले, "गंज गेली. ती सोडा. घर भिजवा."

गावातली पोरं भडकली. एवढ्या लांबून पाणी आणलं आणि जळतंय ते सोडून जळत नाही त्यावर मारताय? काका कुणाशी वाद घालत बसले नाहीत. कौलं भिजवली, गोठ्याचा पेंढा ओढून काढला, गुरं सोडवली. अर्ध्या तासात गंजीची राख झाली होती. पण घर उभं, गोठा उभा, गुरं जिवंत.

चहा घेताना मी विचारलं, "काका, तुमचं पद काय?"
"फायरमन."
"किती वर्षं झाली?"
"सोळा."
"आणि सोळा वर्षांपूर्वी?"
"फायरमनच," म्हणाले आणि हसले.

ते हसू डोक्यातून जाईना. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, इथे राहत असाल तर शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आपण काय मागतो?

कुठलीही निवडणूक येऊ द्या. वचननाम्यात बंब असतो. कधी अग्निशमन केंद्राची इमारत असते. नवा बंब आला की हार घालतो, नारळ फोडतो, फोटो काढतो. मागणी चुकीची नाही, बंब हवाच. पण त्या बंबाबरोबर जे लोक येतात त्यांच्यात निर्णय कोण घेणार, त्या माणसाला कुणी तयार केलंय, तो निवृत्त झाला की पुढचा कोण, हे कधी कुणी विचारलंय? मी तरी आजवर एकाही सभेत ऐकलेलं नाही.

पाणी मारायला पंप पुरतो. पाणी कुठे मारायचं आणि कुठे मारायचं नाही हे ठरवायला माणूस लागतो.

आपल्या भागाचा धोका साधा नाही

लोकांना वाटतं, खेड्यात काय, गवत पेटतं आणि विझतं. जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा.

एका बाजूने पुणे-सातारा महामार्ग. नसरापूर, कापूरहोळ, किकवी, सारोळा. रात्रंदिवस टँकर धावतात. टँकरच्या मागे एक पाटी असते, तिच्यावर चार आकडी नंबर असतो. १२०३ असेल तर पेट्रोल, १०७५ असेल तर एलपीजी, १००५ असेल तर अमोनिया. हा नंबर वाचता येणं म्हणजे अर्धी लढाई. पेट्रोल पेटलं असताना नुसता पाण्याचा फवारा मारला तर पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं, तिथे फोम लागतो. गॅसची गळती पेटली असेल आणि ती बंद करण्याची सोय नसेल, तर ज्योत विझवायची नसते. विझवली तर गॅस पसरत जातो आणि कुठेतरी लांब पुन्हा भडकतो. टाकी लांबून थंड करत राहायची आणि माणसं मागे न्यायची. हे सगळं घाबरलेल्या गर्दीसमोर, पहिल्या दोन मिनिटांत ठरवायचं असतं.

दुसऱ्या बाजूला डोंगर. उन्हाळ्यात राब भाजायला लावलेली आग हाताबाहेर जाते, कुणी विडी टाकतो, आणि आख्खा डोंगर काळा होतो. तिथे बंब चढत नाही. तिथे वाऱ्याचा अंदाज, जाळरेषा, झाडाचे डहाळे घेतलेली माणसं आणि त्यांना वेळेत मागे बोलावणारा एक डोक्याने थंड माणूस लागतो. आग चढावर वेगाने धावते. वरच्या अंगाला उभं राहून विझवायला गेलेला माणूस अडकतो.

तिसरं पाणी. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव. पाच धरणं या दोन तालुक्यांत. त्यात वरंधा घाट, मढे घाट, राजगड, तोरणा आणि सुट्टीच्या दिवशी उसळणारी गर्दी. पाण्यात बुडालेला, दरीत पडलेला, मधमाश्यांनी घेरलेला, या सगळ्यांसाठी फोन शेवटी कुणाला तरी जातोच. भोरच्या भोईराज जल आपत्ती पथकासारखी माणसं स्वतःहून धावतात म्हणून आपलं निभावतं.

चौथं, भोर गावातली जुनी लाकडी घरं आणि अरुंद बोळ. संस्थानकाळातली घरं दिसायला देखणी, पण एकाला लागलेली आग भिंतीला भिंत लागून पुढे जाते.

आता अंतर बघा. केंद्र सरकारच्या अग्निशमनविषयक स्थायी सल्लागार समितीने ग्रामीण भागासाठी निकष घातलाय की पहिला बंब २० मिनिटांत पोचावा. भोरहून केळदला निघा. २० मिनिटांत निम्मा रस्ताही होत नाही. वेल्ह्याला नगरपरिषद नाही, म्हणजे नगरपरिषदेचा बंबही नाही. दोन्ही तालुक्यांचा काही भाग पीएमआरडीएच्या हद्दीत येतो, पण त्यांचे बंब पुण्याच्या आसपासहून निघणार. म्हणजे मदत पोचेपर्यंत जे हाताशी आहेत त्यांनाच नेतृत्व करायचंय, आणि जे चौघे पोचतील त्यांच्या मागे दुसरी फळी लवकर येणार नाही. मोठ्या शहरात चूक सावरायला दहा मिनिटांत आणखी तीन बंब आणि एक वरिष्ठ अधिकारी येतो. इथे जो पहिला पोचला तोच शेवटचा अधिकारी. म्हणून तर मोठ्या शहरापेक्षा इथल्या माणसाची तयारी जास्त हवी.

शिडीची पहिली पायरी आहे, दुसरी कुठे आहे?

फायरमन होण्यासाठी सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम असतो. अधिकारी व्हायचं तर उपअधिकारी अभ्यासक्रम लागतो. राज्याच्या अग्निशमन अकादमीत, मुंबईत कलिन्याला, तो साधारण वर्षभराचा असतो. त्याही पुढचं शिक्षण नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात मिळतं. हे महाविद्यालय १९५६ मध्ये उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी नागपूरला आलं. म्हणजे देशाला अधिकारी पुरवणारी संस्था आपल्याच राज्यात आहे.

नगरपरिषदांसाठी राज्याचा स्वतंत्र संवर्ग आहे. २०२३ मध्ये नगरपरिषद राज्यसेवेची १,७८२ पदांची जाहिरात निघाली, त्यात अग्निशमनाची ३७२ पदं होती. अट साधारण अशी की पदवी हवी आणि उपअधिकारी अभ्यासक्रम हवा. या अटीला माझा विरोध नाही. आगीचं शास्त्र आहे, कायदा आहे, इमारतींची तपासणी आहे, आणि २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम वाचून अंमलात आणायचा तर शिक्षण लागतंच.

माझा प्रश्न वेगळा आहे. बारावी झालेला, सोळा वर्षं आगीत उभा राहिलेला फायरमन ही अट पूर्ण करणार कधी आणि कशी? वर्षभर कलिन्याला राहायचं तर घर कोण चालवणार? रजा कोण देणार? तो गेला तर त्याच्या जागी पाळीला कोण येणार? कंत्राटी असेल तर विषयच संपला, परत आल्यावर नोकरी असेल याचीच खात्री नाही. मग होतं असं की पंचवीस वर्षांचा शिकलेला पोरगा अधिकारी म्हणून येतो, त्याने एकही डोंगर पेटलेला पाहिलेला नसतो. आणि ज्याने शंभर पाहिलेत तो त्याच्या हाताखाली. दोघांचीही चूक नाही. पण पहिल्या मोठ्या वर्दीला दोघांचीही अडचण होते आणि किंमत तिसराच मोजतो.

पुण्याच्या अग्निशमन दलात एक पद आहे, तांडेल. शब्द मूळचा जहाजावरचा. खलाशांच्या टोळीचा म्होरक्या तो तांडेल. फायरमन आणि अधिकारी यांच्यामधली ही पायरी आहे. चार माणसं सांभाळायला शिकायची ती जागा. छोट्या गावात ही मधली पायरीच दिसत नाही. चार माणसांत कसला तांडेल, असं म्हणतात. अहो, चौघांतच तर लागतो!

मावळाला हे नवीन नाही

आपण राजगड-तोरण्याच्या पायथ्याची माणसं. शिवकाळातली पागेची रचना शाळेत वाचलीय सगळ्यांनी. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. प्रत्येक पायरीवर माणूस होता, आणि वरचा पडला तर खालचा उभा राहायचा. भुतोंड्याचे येसाजी कंक पायदळाचे सरनौबत झाले, ते याच मातीतून वर आले. माणूस हेरायचा, त्याच्यावर जबाबदारी टाकायची, निभावली की मोठी टाकायची. पदोन्नती याहून वेगळी काय असते? गडावर दरवर्षी मशाली घेऊन जाणाऱ्या आपल्याला आपल्याच फायरमनला एक पायरी वर चढवता येत नाही, याचं मला तरी वाईट वाटतं.

काळबादेवी आठवतंय?

९ मे २०१५. मुंबईत काळबादेवीला गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. आग विझवताना इमारतीचा भाग कोसळला आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. महेंद्र देसाई, संजय राणे, नंतर रुग्णालयात सुधीर अमीन आणि शेवटी खुद्द प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर. चौघेही अधिकारी. ज्यांनी लांब उभं राहून हुकूम सोडले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं, अशी माणसं.

या घटनेतून मला दोन गोष्टी दिसतात. एक, अधिकारी म्हणजे खुर्ची नव्हे, तो धोक्याच्या सगळ्यात जवळ असतो. इमारत कधी सोडायची, माणसं कधी बाहेर काढायची, हा सगळ्यात अवघड निर्णय त्याचा असतो आणि तो अनुभवी माणसालाही चकवू शकतो. दोन, एवढा मोठा घाव बसूनही दुसऱ्या दिवशी मुंबईत वर्दी आली तर बंब निघत होता आणि त्यावर अधिकारी होता. कारण मागे रांग होती. आपल्याकडे एक अनुभवी फायरमन आजारी पडला तरी केंद्र पोरकं होतं.

आपण १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतो. १९४४ मध्ये मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ अग्निशामक गेले त्यांच्या स्मरणार्थ. हार घालतो, प्रात्यक्षिक दाखवतो. त्या दिवशी एखाद्या पालिकेने जाहीर करावं की यंदा आमचा अमुक फायरमन अधिकारी व्हायला कलिन्याला चाललाय. याहून चांगली आदरांजली कुठली?

लोक म्हणतील...

"पालिकेकडे पगाराला पैसे नाहीत, हे कुठून करणार?" मान्य, छोटी नगरपरिषद आहे. पण लाखोंचा बंब घेताना निधी सापडतो. एका माणसाचा वर्षाचा पगार आणि फी, त्यातुलनेत किती? जुलै २०२३ मध्ये केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आणली, प्रशिक्षण हा तिचा एक भाग होता. अशा योजनांत आपल्यासारख्या तालुक्यांचा प्रस्ताव गेला का, हे आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायला काय हरकत आहे?

"शिकवला की पुण्याला पळणार." काही पळतीलही. पाच वर्षांचा करार करून घ्या. डॉक्टरांना ग्रामीण सेवेचं बंधपत्र असतं, यांना का नको? आणि त्या पाच वर्षांत तो खालच्या दोघांना तयार करेल, हे करारात लिहून घ्या.

"ज्येष्ठ माणसाला डावलून धाकट्याला अधिकारी करणार का?" हा खरा अवघड प्रश्न आहे. ज्येष्ठतेचा मान राहिलाच पाहिजे. पण दरेक चांगल्या फायरमनला अधिकारी व्हायचं असतंच असं नाही. पंपावर वीस वर्षं हात बसलेला माणूस पंपावरच सोनं असतो. त्याला पगारात वाढ द्या, मान द्या, नवीन पोरांना शिकवायला लावा. अधिकारी मात्र परीक्षा घेऊनच करा. नुसती लेखी नको. जमिनीवर वाळूत गाव मांडा, इथे आग, इथे विहीर, इथून वारा, दोन माणसं आत, आता बोल. पाच मिनिटांत माणूस कळतो.

मग करायचं काय?

मला सुचलेलं मांडतो. चुकलं तर दुरुस्त करा.

१. दर दोन वर्षांनी एका फायरमनला पगारी रजेवर उपअधिकारी अभ्यासक्रमाला पाठवायचं. ठराव करा, अंदाजपत्रकात वेगळी ओळ टाका. एकट्या भोर नगरपरिषदेवर भार नको. जिल्हा परिषद, पीएमआरडीए आणि महामार्गालगतच्या कारखान्यांनी वाटा उचलावा. आग त्यांच्याकडेही लागते.

२. पदवी नाही म्हणून जे अडलेत त्यांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी घ्यावी. फी पालिकेने भरावी.

३. प्रत्येक वर्दीची वही. किती वाजता फोन, किती वाजता पोच, पाणी कुठून घेतलं, काय चुकलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बसून वाचायची, कुणाला दोष न देता. पाच वर्षांत ही वहीच आपल्या भागाचं पाठ्यपुस्तक होईल. आज हे सगळं काकांच्या डोक्यात आहे आणि काकांबरोबर घरी जाणार आहे.

४. छोट्या वर्दीला धाकट्याला प्रमुख करा, ज्येष्ठाने मागे उभं राहून बघावं. पोहायला शिकवताना बाप पाण्यात उभा असतोच ना, तसं.

५. वर्षातून दोनदा एकत्र सराव. उन्हाळ्याआधी वनविभागाबरोबर वणव्याचा, पावसाआधी पाण्याचा आणि दरडीचा. महावितरण, पोलीस, १०८ ची गाडी, बचाव पथकं, कारखान्यांची सुरक्षा माणसं, सगळे. प्रसंगाच्या जागी कुणाचा शब्द चालणार हे आधीच ठरलेलं पाहिजे. तिथे सरपंच, फौजदार आणि पुढारी एकाच वेळी हुकूम सोडायला लागले की काय होतं ते आपण पाहिलंय.

६. वेल्हे, पानशेत, केळद अशा लांबच्या गावांत दहा-दहा जणांची गावटोळी आणि तिचा एक म्होरक्या. बंब येईपर्यंत वीज बंद करणं, टाकी बाहेर काढणं, माणसं मोजणं आणि रस्ता मोकळा ठेवणं एवढं त्यांना आलं तरी खूप आहे. या टोळ्यांतूनच उद्याचे फायरमन मिळतील.

७. मुलींना विसरू नका. देशातली पहिली महिला अग्निशामक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हर्षिणी कान्हेकर नागपूरच्याच, आणि शिकल्या त्याच महाविद्यालयात. डोंगर चढणाऱ्या, गवताचे भारे डोक्यावरून आणणाऱ्या आपल्या पोरींना हे क्षेत्र आहे हे तरी कळू द्या.

यातल्या निम्म्या गोष्टींना पैसा लागत नाही. वही, सराव, धाकट्याला संधी, हे उद्यापासून होऊ शकतं.

शेवटी परत काकांकडे येतो. निघताना बंबात चढता चढता त्यांनी बरोबरच्या सगळ्यात लहान पोराला विचारलं, "गंज का सोडली, कळलं का?" पोरगा म्हणाला, "न्हाई." काका म्हणाले, "चल, गाडीत सांगतो."

तेवढंच प्रशिक्षण होतं. परतीच्या वाटेवर, बंबाच्या केबिनमध्ये, एका माणसाकडून दुसऱ्याला. मला वाटतं आपला सगळा तालुका सध्या त्या केबिनमधल्या गप्पांवर उभा आहे. काका अजून काही वर्षांनी निवृत्त होतील, तेव्हा कागदावर एक फायरमन कमी होईल. जागा भरली तर नवा येईल, नाही तर नाही.

पुढच्या वेळी मतं मागायला कुणी दारात आलं आणि "तुमच्यासाठी नवा बंब आणतो" म्हणालं, तर आभार माना आणि एवढंच विचारा, "त्याच्यावर अधिकारी कोण असणार, आणि त्याला तुम्ही कधी शिकायला पाठवताय?"

उत्तर काय मिळालं ते खाली लिहा. मी वाचतोय.